वेढ्यांचा हिशोब होता, मग थेंबांचा का नाही?

परवा दुपारी माझ्या औषधाच्या दुकानात एक आजी आल्या, आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्याच बाजूच्या, कापडी पिशवीतनं एक छोटी गडद काचेची बाटली काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, हे लव्हेंडरचं तेल हाय. सुनंनं मागवलंय, बाळ रात्री झोपत न्हाई म्हणून. किती घालायचं ह्यातलं ते सांग." बाळ किती महिन्यांचं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "अजून दोन म्हयनं पुरं व्हायचंत."

मी बाटली हातात घेतली आणि चष्मा लावून चारी बाजूंनी वाचली. पुढं जांभळ्या फुलांचं चित्र, त्याखाली इंग्रजीत प्युअर, नॅचरल, थेरप्युटिक ग्रेड. मागं मुंगीएवढ्या अक्षरात, तेही इंग्रजीतच, की हे केसांना चालतं, त्वचेला चालतं, झोपेला, टेन्शनला, डोकेदुखीला, डिफ्युजरला म्हणजे खोलीत वास पसरवणाऱ्या यंत्राला चालतं. पण किती थेंब घ्यायचे, कशात मिसळायचे, कुठल्या वयाच्या आत वापरायचंच नाही, हे कुठल्या जातीचं लव्हेंडर आहे, यातलं एक अक्षर नाही. एक्स्पायरी डेटची जागा होती पण तिथला शिक्का बोटानं पुसला जात होता. मी आजींना सांगितलं की एवढ्या लहान बाळाला हे नको, उशीवरही नको आणि टाळूवर तर अजिबातच नको. त्यावर त्या जे म्हणाल्या ते मी गेली पंधरा वर्षं या काउंटरवर रोज ऐकते. "अगं पन नैसर्गिकच हाय की."

हा लेख त्या एका वाक्यासाठी लिहितेय. आजींवर माझा काडीचा राग नाही. राग आहे तो त्या बाटलीवर, आणि ती बाटली अशी मुकी विकायची परवानगी आपण सगळ्यांनी गप्प बसून दिलीय त्याच्यावर.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, मी लव्हेंडरच्या विरोधात नाही. माझ्या स्वतःच्या घरात बाटली आहे, दिवसभर दुकानात उभं राहून संध्याकाळी डोकं जड झालं की रुमालावर एक थेंब टाकून मी पण हुंगते आणि बरं वाटतं. मुद्दा तेल चांगलं की वाईट असा नाहीच. मुद्दा मात्रेचा आहे.

आपल्याकडं मात्रा ही गोष्ट नवीन आहे का? माझी आजी कवठेमहांकाळकडची, शाळेत गेलेली नाही, पण बाळगुटी उगाळायची तेव्हा तिचं तोंड बंद आणि डोळे सहाणेवर असायचे. हळकुंडाचे दोन वेढे, वेखंडाचा एक, जायफळाचा अर्धाच, का तर जायफळ जास्त झालं तर पोर गुंगतं. अर्धा म्हणजे अर्धा, मी लहानपणी हट्टानं अजून एकदा फिरवायला गेले तर तिनं हात धरून थांबवला होता, ती पकड अजून आठवते. आता आजचे बालरोग डॉक्टर गुटी देऊच नका म्हणतात आणि मी त्यांच्याच बाजूची आहे, गुटीची जाहिरात करायची नाहीये मला. पण ज्या आजीच्या बटव्याचं नाव घेऊन हे सगळं नैसर्गिक म्हणून विकलं जातं त्या बटव्यातली प्रत्येक वस्तू मापानं बाहेर यायची, कुणाला द्यायची, कधी द्यायची नाही हे घरातल्या बाईला पाठ असायचं. लव्हेंडरचं तेल तिच्या बटव्यात नव्हतं. त्यामुळं त्याचे वेढे आपल्या घरात कुणालाच माहीत नाहीत, आणि जो विकतोय तो सांगत नाही.

आणि हे तेल म्हणजे साधं तेल नाही हे आधी डोक्यात बसायला पाहिजे. आपण तेल म्हणलं की शेंगतेल, खोबरेल, तिळाचं डोळ्यासमोर येतं, घाण्यातनं काढलेलं, हातभर चोळलं तरी काही होत नाही असं. हे तसं नाही. लव्हेंडरची फुलं मोठ्या भांड्यात भरतात, खालनं वाफ सोडतात, ती वाफ फुलांतला सुगंधी अंश घेऊन वर येते, तिला गार केलं की खाली पाणी आणि वर तेलाचा पातळ थर. साधारण शंभर किलोच्या आसपास ताजी फुलं तेव्हा कुठं किलोभर तेल, म्हणजे एका थेंबामागं चार-पाच ग्रॅम फुलं धरा. दहा थेंब थेट बाळाच्या अंगाला लावले म्हणजे पन्नास ग्रॅम फुलांचा सगळा अर्क त्या चार-पाच किलोच्या जिवावर ठेवला. वाटीभर लव्हेंडरची फुलं उशीत शिवणं आणि हे, दोन्हीला "लव्हेंडर" म्हणत असतील, पण कैरी आणि सायट्रिक अ‍ॅसिड या दोन्हीला आंबट म्हणावं तेवढाच तो सारखेपणा.

या तेलात लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट ही दोन मुख्य द्रव्यं, निम्म्याहून जास्त तीच. तो शांत करणारा वास त्यांचाच. पण लव्हेंडर नावाखाली बाजारात तीन वेगवेगळी तेलं फिरतात हे विकणाऱ्यालाही पुष्कळदा माहीत नसतं. एक खरं लव्हेंडर, लव्हँड्युला अँगुस्टिफोलिया, त्यात कापूर नावापुरता. दुसरं स्पाइक लव्हेंडर, त्यात कापूर भरपूर. तिसरं या दोघांच्या संकरातनं आलेलं लव्हँडिन, जे एकरी जास्त तेल देतं म्हणून स्वस्त पडतं, साबणाला आणि फिनेलला वापरतात, आणि त्यातही कापूर खऱ्यापेक्षा कितीतरी पट. वास जवळजवळ तोच, किंमत कमी, बाटलीवर नाव एकच.

कापूर हा शब्द आला की मी थांबते, कारण माझ्या दुकानातनं सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरनं झालीत. कापूर म्हणजे देवाचा, पवित्र, मग तो बाळाच्या गळ्यात पुरचुंडी करून बांधायचा, खोबरेल तेलात कढवून छातीला चोळायचा. लहान मुलाच्या पोटात थोडासा जरी कापूर गेला तरी फिट येऊ शकते, आणि ती काही मिनिटांत येते, हे बालरोग डॉक्टरांना चांगलं माहीत आहे, पण घराघरात माहीत नाही. अमेरिकेत दुकानातल्या चोळायच्या औषधात ११ टक्क्यांपेक्षा जास्त कापूर घालायला बंदी आहे, ती उगीच नाही. निलगिरीच्या तेलाचंही तसंच, पोटात गेलं की लहान मूल ग्लानीत जातं. २०२१ ला दुसऱ्या लाटेत आठवतंय का, व्हॉट्सअ‍ॅपवर कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीच्या थेंबांची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो म्हणून मेसेज फिरत होता, आमच्याकडं निलगिरीच्या बाटल्या दोन दिवसांत संपल्या, ऑक्सिजन वाढत नाही हो असं सांगितलं तर लोक म्हणायचे ताई तुम्हाला धंदा नको का. त्या दिवसांत भीती एवढी होती की मी कुणाला दोष देत नाही. पण त्या पुरचुंड्या नंतर पाळण्याला बांधलेल्या मी स्वतः बघितल्यात.

आता भावाचं गणित करू, ते सगळ्यांना पटकन कळतं. जम्मूमधल्या डोडा जिल्ह्यात भदरवाह म्हणून भाग आहे, तिथं सीएसआयआर या केंद्राच्या विज्ञान संशोधन संस्थेच्या अरोमा मिशनमधनं शेतकऱ्यांनी मका सोडून लव्हेंडर लावलं, त्यालाच जांभळी क्रांती म्हणतात. त्या तेलाला लिटरमागं दहा हजार रुपयांच्या आसपास भाव मिळतो असं बातम्यांमध्ये येत असतं. म्हणजे मिलीला दहा रुपये. पंधरा मिलीच्या बाटलीत नुसत्या तेलाचेच दीडशे झाले, त्यावर बाटली, झाकण, खोकं, कुरिअर, दुकानदाराचं मार्जिन, जाहिरात, टॅक्स. मग तीच पंधरा मिली नव्व्याण्णव रुपयांत घरपोच कशी येते? एकतर ते लव्हँडिन आहे, नाहीतर कारखान्यात केलेलं लिनालूल, नाहीतर कशात तरी वाढवलेलं. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून रात्रभर ठेवा, सकाळी तेलकट डाग राहिला असेल तर साधं तेल मिसळलंय एवढं नक्की कळतं. पण कृत्रिम लिनालूल घातलं असेल तर ते उडून जातं, कागदाला काय कळणार, त्याला तेलातला एकेक घटक वेगळा करून ओळखणारा लॅबमधला जीसीएमएस रिपोर्टच लागतो. आणि ते "थेरप्युटिक ग्रेड" म्हणजे काय असतं तेही सांगते, अशी ग्रेड देणारी कुठलीही सरकारी किंवा तटस्थ संस्था नाही, कंपनीनं स्वतःच स्वतःला दिलेली ती पदवी आहे.

सांगलीच्या माणसाला हे समजावून सांगायला लागू नये खरंतर. हे हळदीचं गाव आहे. हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय इथं कुणी भाव बोलत नाही, आणि २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय टॅग मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले, का, तर दुसऱ्या कुठल्या हळदीला आपलं नाव लावून कुणी विकू नये म्हणून. मग घरात येणाऱ्या दुसऱ्याच्या पिकाचं नाव खरं आहे का हे विचारताना आपल्याला संकोच का वाटतो?

माझ्या मिरजेच्या वहिनीचं सांगते, तिनं सांगायला परवानगी दिलीय. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत पुऱ्या तळताना तेल उडून मनगटाच्या वर रुपयाएवढं भाजलं. तिनं कुठंतरी ऐकलं होतं की भाजल्यावर लव्हेंडर थेट लावायचं, डाग पण राहत नाही. ओट्याच्या खिडकीत तीन वर्षांची जुनी बाटली होती, दुपारचं ऊन बरोबर तिच्यावर पडायचं, रबरी ड्रॉपरचा वरचा फुगा चिकट होऊन लिबलिबीत झालेला. त्यातले चार-पाच थेंब, कशात न मिसळता, रोज दोन वेळा, पंधरा-वीस दिवस. भाजलेलं तर बरं झालं, ते तसंही झालं असतं, एवढुसंच होतं. पण मग त्याच जागी खाज, लाली, बारीक पुटकुळ्या, आणि ते बरं होईना. आधी वाटलं भांड्याच्या साबणानं होतंय. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडं गेली तर त्यांनी सांगितलं की ही अ‍ॅलर्जी आहे आणि ती आता जन्माची सोबत आहे. कारण असं की लिनालूल ताजं असतं तेव्हा फारसं त्रासदायक नसतं, पण हवा लागून, ऊन लागून, ते हळूहळू ऑक्सिडाइज होतं आणि त्यातनं हायड्रोपेरॉक्साइड नावाची द्रव्यं तयार होतात, ती कातडीला अ‍ॅलर्जी शिकवतात. एकदा कातडी शिकली की विसरत नाही. आता तिला शाम्पू, हँडवॉश, क्रीम काहीही घेताना मागचं बारीक अक्षर वाचावं लागतं, कारण लिनालूल हे निम्म्या सुगंधी वस्तूंमध्ये असतं. युरोपात ठरावीक प्रमाणाच्या वर लिनालूल असलं की त्याचं नाव कॉस्मेटिकवर वेगळं लिहायची सक्ती आहे, अशा माणसांसाठीच. वहिनी परवा म्हणाली, "मला त्या बाटलीवर कुणी एवढं जरी लिहिलं असतं ना, की थेट लावू नका, तरी मी लावलं नसतं गं. मी वाचणारी बाई आहे." हे खरं आहे, ती कुकरच्या शिट्टीचं माहितीपत्रकसुद्धा जपून ठेवते.

आणि ती भाजल्यावरची गोष्ट आली कुठनं तेही बघा. फ्रान्समध्ये ल्योनजवळ रने-मोरिस गातफोसे नावाचे केमिस्ट होते, अत्तराच्या धंद्यातले. १९१० साली त्यांच्या लॅबमध्ये स्फोट होऊन ते भाजले, जखमा चिघळून गँगरीन व्हायला लागलं तेव्हा लव्हेंडरच्या अर्कानं जखम धुतली आणि फरक पडला असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. अरोमाथेरपी, म्हणजे सुगंधी तेलांनी उपचार, हा शब्द त्यांनीच पुढं १९३७ ला रूढ केला. अँटिबायोटिक यायच्या आधीचा काळ तो, जे हाताशी होतं ते वापरलं. रीलमध्ये याचं झालं काय, तर जळता हात लव्हेंडरच्या पिंपात बुडवला आणि एका क्षणात बरा झाला. शंभर वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या चिघळलेल्या जखमेवरनं आज मिरजेतल्या बाईनं मनगटाला थेट तेल लावायचं. भाजलं तर नळाखाली वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, हे सगळ्यात मोठं औषध, आणि ते फुकट आहे.

मग फायदा आहे का नाही? आहे, पण जेवढा आहे तेवढाच सांगावा. लव्हेंडर हुंगून झोप जरा बरी लागते, ऑपरेशनच्या आधीची धाकधूक जरा कमी होते असं लहान-लहान अभ्यासांत दिसलंय. पण वासाच्या अभ्यासात एक अडचण कायम राहते, की ज्याला लव्हेंडर दिलं त्याला ते वासावरनं कळतंच, खोटी गोळी देऊन फसवता येतं तसं वासात येत नाही, त्यामुळं तेलानं किती गुण आला आणि विश्वासानं किती हे वेगळं काढणं अवघड जातं. मला स्वतःला त्यात वाईट काही वाटत नाही, रात्री दिवा बारीक करून, मोबाइल बाजूला ठेवून, वास घेत पडलं तर त्या सगळ्या मिळूनच झोप येते. जर्मनीत ८० मिलिग्रॅमची लव्हेंडर तेलाची कॅप्सूल चिंतेमुळं होणाऱ्या अस्वस्थतेसाठी देतात आणि तिचा अभ्यास बऱ्यापैकी झालाय, हे खरं आहे. पण त्याचा अर्थ ही बाटली दुधात टाकून प्यायची असा होत नाही. ती कॅप्सूल म्हणजे मोजून-मापून, तपासून केलेलं औषध, आणि आपली नव्व्याण्णव रुपयांची बाटली म्हणजे काय आहे हेच आपल्याला माहीत नाही. मागच्या महिन्यात एक कॉलेजची मुलगी कोमट पाण्यात पाच थेंब टाकून रोज पिते म्हणून सांगत होती, पित्त वाढलंय म्हणून गोळी घ्यायला आली होती. तेल पाण्यात मिसळत नाही बाळा, ते वर तरंगतं आणि तसंच्या तसं घशाला, पोटाच्या आवरणाला लागतं, असं सांगितल्यावर तिचा चेहरा पडला. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बादलीत दहा थेंब टाकून आंघोळ करणाऱ्यांचंही तेच होतं, पाण्यावरचा तवंग बरोबर नको त्या जागी चिकटतो आणि आग होते, आधी चमचाभर तेलात मिसळायला लागतं.

पाण्यावरनं आठवलं, ही गोष्ट मला रात्री झोपू देत नव्हती जेव्हा वाचली. २०२१ मध्ये अमेरिकेत चार वेगवेगळ्या राज्यांत चार माणसांना मेलिऑइडोसिस नावाचा दुर्मिळ जंतुसंसर्ग झाला, चौघांपैकी कुणीही बाहेरदेशी गेलेलं नव्हतं, दोघं गेले, त्यातलं एक लहान मूल. शोधता शोधता ऑक्टोबरमध्ये तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेला तो जंतू सापडला एका लव्हेंडर-कॅमोमाइलच्या रूम स्प्रेच्या बाटलीत. आणि तो स्प्रे बनला होता भारतात. सगळा माल परत मागवला. लोक मला म्हणतात लव्हेंडर तर जंतू मारतं ना. अहो मिश्रणात ते असतं किती, बाकी सगळं पाणी, आणि नासू न देणारं योग्य प्रिझर्वेटिव्ह नसेल तर पाण्यात जंतू आरामात राहतात. आता बघा, आपल्याकडं बचत गटाच्या बायका किती कष्टानं साबण, उटणं, रूम स्प्रे बनवतात, प्रदर्शनात स्टॉल लावतात, मी दरवर्षी जाते आणि घेते पण. त्यांना कुणी हे शिकवतंय का? पिल्लो स्प्रे म्हणून पाण्यात थेंब टाकून बाटल्या भरल्या, महिना-दोन महिने स्टॉलवर, उन्हात. उद्या काही झालं तर त्या बिचाऱ्यांवरच येणार. ट्रेनिंग देताना पॅकिंग आणि मार्केटिंग जेवढं शिकवतात त्याच्या अर्ध्यानं जरी प्रिझर्वेटिव्हचं शिकवलं तरी पुष्कळ होईल.

म्हणून माझी मागणी सांगते, मोठी नाहीये. इसेन्शियल ऑइलच्या, म्हणजे लव्हेंडरसारख्या अशा सुगंधी अर्क-तेलांच्या, प्रत्येक बाटलीवर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात लिहा: झाडाचं पूर्ण नाव, कधी भरलं, उघडल्यावर किती दिवसांत संपवायचं, थेट लावू नका, पिऊ नका, किती तेलात किती थेंब, आणि लहान मुलांपासून लांब. झाकण पण लहान मुलाला उघडता येणार नाही असं दाबून फिरवायचं. बस.

नियम नाहीत असंही नाही. २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्समध्ये बॅच नंबर, बनवणाऱ्याचा पत्ता, कधीपर्यंत वापरायचं, आत काय काय आहे हे लिहायचंच असतं, आणि वस्तूत धोका असेल तर सुरक्षित वापराच्या सूचना आणि इशारा पण. पण वाट काढायची म्हणली की निघते, फक्त सुगंधासाठी असं एका कोपऱ्यात लिहायचं आणि जाहिरातीत मात्र चेहऱ्याला लावताना दाखवायचं. भाषेचं तर विचारूच नका, पाकीटबंद मालाच्या नियमात किंमत-वजन हिंदीत किंवा इंग्रजीत असलं की झालं, मराठीची सक्ती कुठंच नाही. दुकानाच्या पाटीवर मराठी पाहिजे म्हणून आपण एवढे भांडतो, ते बरोबरच आहे, पण पाटी न वाचता आल्यानं कुणाचं अंग भाजत नाही. बाटलीसाठी कोण भांडणार? अन्न व औषध प्रशासनाची ऑफिसं सांगलीत आहेत, साताऱ्यात आहेत, माणसं कमी आणि कामं ढीगभर हे मला माहीत आहे, खव्याच्या भेसळीमागं सणासुदीला पळतानाच त्यांचा जीव जातो. पण दोन-चार महिन्यांत एकदा बाजारातनं पाच बाटल्या उचलून लॅबला पाठवल्या आणि निकाल पेपरात दिला तरी विकणारा सरळ होईल. आणि जे रीलवाले याच तेलानं बीपी आणि शुगर जाते म्हणून सांगतात, त्यांच्यासाठी तर १९५४ चा जादुई उपचार जाहिरातींचा कायदा आहेच, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही त्याच्या यादीत आहेत, वापरायचा कुणी हा प्रश्न.

यावर माझे एक ओळखीचे काका, आयुर्वेदिक भांडारवाले, मला म्हणाले की अशानं उद्या हळदीला आणि कापरालाही इशारे चिकटवशील, लोकांना घाबरवून सोडशील आणि छोटा दुकानदार मरेल. घाबरवण्याचं मला पटत नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर धोक्याची रंगीत खूण असते म्हणून शेतकऱ्यानं फवारायचं सोडलं का, त्याला फक्त कळलं की हात धुवायचे. आणि छोट्या दुकानदाराचं म्हणाल तर मी स्वतः छोटीच दुकानदार आहे. एका स्टिकरला किती पैसे पडतात? उलट आज जो खरं तेल आणून तीनशेला विकतो तो मरतोय, नव्व्याण्णववाल्यासमोर त्याचा माल महाग दिसतो, कारण दोघांच्या बाटलीवर एकच शब्द आहे. नाव पूर्ण लिहायला लागलं की फायदा त्याचाच आहे. काकांचा एक मुद्दा मात्र मी मान्य केला, की स्टिकर लावून विकणाऱ्यानं हात झटकू नयेत, तोंडानं पण सांगावं. ते मी आता करते.

काय सांगते ते इथंही लिहिते, कुणाच्या कामाला येईल. अंगाला लावायचं तर खोबरेल, तिळाचं किंवा बदामाचं तेल ३० मिली, त्यात लव्हेंडरचे ६ थेंब, हे एक टक्का झालं, मोठ्या माणसाला पुरे आहे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस वाट बघायची. पण थेंब म्हणजे किती हाही घोळच आहे, मी एकदा १ मिलीची सिरिंज घेऊन बसले आणि दोन बाटल्यांचे थेंब मोजले, एकीच्या प्लास्टिकच्या बुचातनं मिलीला २१ आले आणि दुसरीच्या बारीक ड्रॉपरमधनं ३३. पुस्तकातला हिशोब मिलीला वीसचा असतो. म्हणून शंका असेल तर कमीच घ्या. डिफ्युजरमध्ये तीन-चार थेंब, अर्धा तास, खिडकी उघडी, मग बंद, रात्रभर नाही. घरात दम्याचा पेशंट असेल तर आधी विचारा, मांजर असेल तर मांजराच्या खोलीत लावूच नका, त्याचं लिव्हर ही द्रव्यं नीट फोडू शकत नाही, आणि ते अंग चाटतं त्यामुळं अंगावर बसलेलं सगळं पोटात जातं. पोटुशी बाई असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. लहान मुलग्यांना रोज-रोज लव्हेंडर लावल्यानं त्यांची छाती वाढली असं २००७ मध्ये अमेरिकेतल्या तीन मुलांवरनं छापून आलं होतं, नंतरच्या अभ्यासांचे निकाल उलटसुलट आलेत, त्यामुळं मी त्यावरनं कुणाला घाबरवत नाही, पण पोरांना रोज चोळायचं कारणच काय हा माझा साधा प्रश्न असतो. बाटली फ्रिजच्या दारात नाहीतर अंधाऱ्या कपाटात, उघडल्याची तारीख पेनानं लिहून, वर्ष-दीड वर्षात संपवायची, वासात आंबटपणा आला की टाकून द्यायची. आणि चुकून मुलानं प्यायलंच तर बोट घालून उलटी करायला लावू नका, उलटीतनं तेल फुप्फुसात जातं आणि ते जास्त वाईट, बाटली बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठा, दिल्लीला एम्समध्ये विषबाधेचं चोवीस तासांचं माहिती केंद्र आहे, डॉक्टर तिथं फोन करून विचारू शकतात, पण बाटलीवर आत काय आहे तेच लिहिलेलं नसेल तर ते तरी काय सांगणार.

एवढं सगळं मी त्या आजींना नाही सांगितलं, त्यांना रिक्षा पकडायची होती. सुनेचा नंबर लावून दिला त्यांनी, तिच्याशी बोलले, ती बिचारी बाळ झाल्यापासून नीट झोपलेली नव्हती, आवाजावरनंच कळत होतं, रात्री दोनला फोनवर शोधता शोधता तिला ती जाहिरात आली होती. तिला म्हणलं तेल ठेव तुझ्यासाठी, बाळाला नको, बाळ दुसऱ्या खोलीत आजीजवळ असेल तेव्हा तू रुमालावर एक थेंब टाक आणि तासभर पड, आणि बाळ एवढं का रडतंय ते एकदा डॉक्टरांना दाखवून घे. मग एका पिवळ्या स्टिकरवर लिहिलं, बाळाला नाही, थेट अंगाला नाही, प्यायचं नाही, आणि तारीख टाकून बाटलीला चिकटवलं. आजींनी बाटली डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, परत काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "मोठ्या अक्षरात लिव्ह की गं, मला दिसत न्हाई ह्ये." मी ते काढलं आणि मार्करनं दुसरं लिहिलं, फक्त तीन शब्द, बाळाला लावायचं नाही, बाटलीच्या चारी बाजूनं गोल.